आमच्या नाकाचा निकाल

११ जानेवारी २०२१
अंग मोडून आलंय. परवा सारोळ्याला लग्नात उभ्याने जेवलो, त्याचा परिणाम. कोरोना गेला. मास्क खिळ्याला टांगला. उद्यापासून पहाटे फिरायला जायचं.

१३ जानेवारी, भोगी
फिरणं रद्द. सकाळपासून संडासच्या फेऱ्या. बायकोने, मंगलने, भोगीच्या भाजीत तेल जास्त ओतलं, दुसरं कारण नाही. ती म्हणते, तपासून या. तिला समजावलं की कोरोना छातीचा, माझा त्रास पोटाचा. रूट वेगळा. एसटीच्या भोर डेपोत जन्म गेला माझा, एवढं मला कळतं.

१४ जानेवारी, संक्रांत
विंझरहून अक्का एसटीने आली. दरवर्षीप्रमाणे आंबेमोहोराचं पोतं घेऊन. बियाणं तिच्या सासूच्या हातचं, अजून कणगीत वेगळं जपते. विकतचं बी तिने कधी शेतात पडू दिलं नाही. माझं डोकं दुखतंय म्हटल्यावर उशाशी बसून संध्याकाळपर्यंत चेपत बसली. मंगल तिला मास्क द्यायला गेली. मी म्हटलं, घरच्या माणसांत कसला मास्क?
अक्काचं एकच म्हणणं: "बंडू, भात खाऊन सांग. तू सांगितलंस की माजं वरीस गोड."
खरंच आहे. भात कुठला, हे मी उंबऱ्यातून वासावर सांगतो. आज पोटात मळमळ, म्हणून नंतर.

१७ जानेवारी
भात झाला. वास नाही. शितं नाकाशी धरून पाहिली. काही नाही. वाईट वाटलं, पण खरं ते बोललंच पाहिजे. फोन करून अक्काला सांगितलं की तुझं बियाणं संपलं, वास उडाला. ती म्हणाली, "असंल बाबा." ठेवला फोन.
मंगल म्हणते, घरभर वास सुटलाय. बायकोला नवऱ्याचं खोटं पाडायचं असतं.

१८ जानेवारी
मंगलने नाकाखाली हिंगाची डबी धरली. हिंगही भेसळीचा. उदबत्ती, साबण, सगळ्यांचा माल घसरलाय. ग्राहक मंचाकडे लिहायचा विचार आहे. जिने चढवत नाहीत. पोट तसंच.

२० जानेवारी
संडासच्या दारात चक्कर आली. मंगलने रिक्षात घातलं. सरकारी दवाखान्यात नाकात काडी घातली. पॉझिटिव्ह. डॉक्टरीण म्हणाली, पोटातूनही सुरू होतो, आणि वासही जातो. कधी परत येईल, सांगता येत नाही.
म्हणजे तांदूळ चांगला होता. उद्या अक्काला सांगून टाकू, विषय संपेल.

२१ जानेवारी
फोन भाच्याने, गोरखने, उचलला. म्हणाला, "मामा, आई चार दिस झालं आडवी हाय. ताप, जुलाब. वास बी गेलाय."
माझ्या उशाशी बसली होती. दिवसभर.
गोरखने तिच्या हातात फोन दिला. मी सगळं सांगितलं. तांदूळ चांगला आहे, माझं नाक गेलंय, तुझंही गेलंय. तिने ऐकून घेतलं. मग दमल्या आवाजात म्हणाली, "माजं मन राकाया खोटं बोलू नगंस, बंडू. म्या बी मूठभर तांदूळ हुंगून बघितला. न्हाई वास. तुजं नाक कदी चुकलंय का?"
आयुष्यभर वाटायचं, तिने एकदा तरी हे म्हणावं.
असो. पेरण्या जूनमध्ये. तोवर माझं नाक परत येईल, मी स्वतः जाऊन पटवीन. वेळ आहे.

२५ जानेवारी
अक्काचा ताप उतरला. देवाची कृपा. जायचं ठरवलंय. आज अंगात त्राण नाही. उद्या.

२६ जानेवारी
उद्या.

३० जानेवारी
गोरख टेम्पो घेऊन आला. दारात पोतं ठेवलं आणि लांबूनच म्हणाला, "आईनं कणगीतलं बियाणं बी गिरणीवर भरडून आणाया लावलं. मी लई सांगितलं, आयकंना. म्हनली, मामाच्या कोंबड्यांना घाला. औंदा बियाण्याची पिशवी दुकानातनं आनायची."
मंगलला ते कोंबड्यांना टाकवेना. तिने त्यातला भात लावला. झाकण काढलं तशी शेजारची अन्वरीभाभी भिंतीवरून विचारू लागली, आंबेमोहोर का, केवढा घमघमाट, कुठून आणला, आमच्या शेताला याचं बी मिळेल का?
मंगल माझ्याकडे बघत राहिली. मी खाली मान घालून भात कालवत होतो. मीठ टाकलं होतं की नाही, तेही कळलं नाही.