दोन बश्या, एक लिफाफा

प्रिय दादा,

आज दुपारी तुझा लिफाफा उघडला. लगेच लिहायला बसलो. उद्या माझाच यावर विश्वास राहणार नाही.

आठवतो युद्धातला तो रविवार? विमानांच्या भीतीने खिडक्यांना काळा कागद लावलेला. निवृत्त होणाऱ्या साहेबांनी दिलेली दक्षिण फ्रान्सची लाल वाइन तू चहाच्या पांढऱ्या बशीत ओतलीस. स्टीलच्या पेल्यात रंग कसा कळणार!

"दादा, घरात दारू पिऊन राहिला तू?"

"पिऊन नाही बे, तपासून राहिलो!"

कारखान्यात आपण दोघेही तपासनीस. तिथली रीतच होती, दोघांनी वेगवेगळ्या कागदावर शेरा लिहायचा, मग जुळवून सह्या करायच्या. तू घोट घेतलास, एकदम दचकून मागे पाहिलंस, आणि कानामागची पेन्सिल काढून लिहू लागलास. मी मात्र आईला भ्यालो. म्हणालो, "तू लिहिलं ते बरोबरच असेल. दे, सही करतो."

"न चाखता सही? काहून रे? कारखान्यातही असंच करतो काय?"

तू कागद लिफाफ्यात घालून चिकटवलास. "चाखशील तेव्हाच उघड." त्याच हिवाळ्यात निमोनियाने तुला नेलं. इतकी कसली घाई होती रे? माझ्यावर रागावूनच गेलास का, हे विचारायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

परवा नातवाने दक्षिण फ्रान्सच्याच लाल वाइनची बाटली आणली. "आजोबा, चखके तो देखो!" आज घरात कोणी नव्हतं. मी पांढरी बशी काढली.

रंग पिकल्या जांभळाचा. वास काळ्या मिरीचा, उन्हात तापलेल्या दगडाचा. जिभेवर सुपारीचा तुरटपणा. आणि मग, शाळेत सगळ्यांची मिळून कविता म्हणून झाली की वर्गात क्षणभर उरायची ना, तसली शांतता. तेवढ्यात ठसका लागला. खोकता खोकता वाटलं, समोर कोणी पाठमोरं बसलंय. तरुण मान. कानामागे पेन्सिल.

सगळं कागदावर उतरवलं. मगच लिफाफा फोडला.

तुझं अक्षर! "जांभूळ. मिरी. तापला दगड. सुपारी. घोट घेताना मागे कोणी म्हातारा खोकला. वळलो, कोणी नाही. खोकला आपल्या बाळूसारखा वाटला."

दादा, तो मी होतो रे!

खाली दुसऱ्या सहीची जागा कोरी होती. आज केली सही. चाखून केली.

पुढच्या रविवारी पुन्हा बशी मांडीन. या वेळी खोकणार नाही, हाक मारीन. तू वळ. केस पिकलेत माझे, तरी ओळखशील ना?

तुझा दुसरा तपासनीस,
बाळू