शालींपायी गेलेली जीप

जव्हार, शनिवार संध्याकाळ

नुसता वैताग. धाकटा भाऊ दिनेश मेटल बँडमध्ये आमच्या घरच्या बोलीत घसा फोडून गातो. इथल्या मैदानावरच्या कार्यक्रमात ते ऐकायला बाबा पहिल्यांदाच गावाहून, दाभोशाहून आले. बँड पाचला, गावची शेवटची जीप सहाला. आणि पाचला सुरू झाल्या सत्काराच्या शाली. किती त्या शाली? निवेदकाला दोनदा विनवलं.

"ताई, आधी पाहुण्यांचा मान."

पुन्हा शाली. शेवटी बाबांना जीपमध्ये बसवलं. तेवढ्यात मैदानातून दिनेशचा आवाज आला. बाबा उतरलेच. जीप गेली. अख्खं गाणं त्यांनी उभ्याने ऐकलं.

"आपलीच बोली ना? मंग मला येक शब्द का नाही कळला?"

आता माझ्या घरी दिनेशला समोर बसवून एकेक ओळ सावकाश म्हणायला लावताहेत.