फायरवॉलवरची पिवळी खूण

शनि., १३ सप्टें.
मागची सीट एकदाची निघाली. स्प्रिंगांत कारखान्याचा कागद अडकला होता, एक कोपरा उंदरांनी खाल्लेला. रंगाचा कोड वाचता येतो, गिअरबॉक्सचाही. १९६९, म्हणजे गाडीचं साल जुळलं. कागद चिमट्याने उचलला, दोन काचांमध्ये ठेवला, मग फोटो.
शेजारचा नोएल, गाडी त्याचीच, विचारतो, हॉस्पिटलात प्रेतं पण अशीच उघडतेस का? म्हटलं, प्रेतं नाही, आमच्या लॅबमध्ये तुकडे येतात. पण हो, अशीच. आधी लेबल, मग फोटो, मग हात.
आज ४१ बोल्ट, ९ क्लिपा. सगळ्यांना पिशव्या, पिशव्यांना नंबर. पाठ मोडली.

रवि., १४ सप्टें.
नोएलची नजर आणखी गेलीय. समोरचं मधोमध दिसत नाही, कडेने दिसतं. म्हणून बोलताना माझ्या कानाकडे बघतो.
फ्रँकबद्दल पुन्हा सांगितलं. मोठा भाऊ. अमेरिकेत ह्याच गाडीच्या कारखान्यात तपासनीस होता. नंतर हीच गाडी विकत घेऊन बोटीने घरी आणली. 'हिच्यावर मी स्वतःच्या हाताने खूण केलीय, शोध,' एवढंच म्हणायचा आणि हसायचा. जागा न सांगताच गेला. तेव्हापासून गाडी नास गावाबाहेरच्या नोएलच्या ह्या शेडमध्ये, आमच्या घरापासून तिसऱ्या फाटकात.
ऑक्टोबरात लिमरिकचा वर्कशॉपवाला तिचा पत्रा उघडा करून रंगवणार. त्यात सगळ्या खुणा जातील. त्याआधी फ्रँकची सापडली पाहिजे, आणि नोएलला थोडंफार दिसतंय तोवर. मी हो म्हटलंय. आता मागे फिरणं नाही.

रवि., २१ सप्टें.
बाबा काल आले सांगलीहून. आज जेट लॅग वगैरे काही नाही, थेट शेडमध्ये. बॉनेट उघडल्यावर वाकून आतलं सगळं बघितलं. मग म्हणाले, 'मिने, हे इंजिन हाय का हत्ती?'
चौतीस वर्षं साखर कारखान्यात फिटर. नोएलने एक पाना उचलून दाखवला, बाबांनी मान हलवून दुसरा दिला. तासभर दोघं असेच. मी मधे नव्हतेच. घरी येताना बाबा खुशीत.

शनि., २७ सप्टें.
इंजिनची डावी बाजू पूर्ण. ब्लॉकवरची ओतकामाची तारीख, स्टिअरिंग बॉक्सवर निळ्या रंगाचा ठिपका, होजच्या क्लिपांवरचे शिक्के. कारखान्यात रंग जिथे चुकून उडाला, तेही मोजून लिहिलं. वर्कशॉपवाला चुकासुद्धा तशाच परत करणार आहे. बाबांना हे काही केल्या पटेना. 'चूक कशाला जपायची?'
फ्रँकची खूण नाही. बॅटरीची बाजू आणि तिच्यामागची फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि डॅशबोर्डमधला उभा पत्रा, पुढच्या शनिवारी.

बुध., १ ऑक्टो. खंडेनवमी.
सकाळी बाबा म्हणाले, अवजारांची पूजा करतो, गाडीची पण. नोएल म्हणाला ग्रँड, आशीर्वाद मिळत असेल तर नको कशाला. मी ड्युटीवर निघता निघता म्हटलं, करा.
एक शब्द. त्याच्यापुढे आणखी चार बोलले असते तर.
साडेपाचला आले. बाबा शेडच्या दारात, धुतलेला शर्ट घालून. 'ये बघ. वळखू येतीय का?'
इंजिनची अख्खी जागा लखलखीत. रॉकेल, ब्रश, जुना टॉवेल. पाने ओळीत मांडलेले, प्रत्येकावर हळदकुंकू. टायरखाली लिंबू. पेट्रोल पंपावरून विकत आणलेली शेवंती बॉनेटवर. कारखान्यात खंडेनवमीला मशीन असंच करायचे, चेहरा दिसेल इतकं. मी लहानपणी त्या मशीनमध्ये चेहरा बघितलाय. मग मी अडवणार कशाला होते? अडवायला हवं होतं.
फायरवॉल बघितली. स्वच्छ पत्रा, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक.
इथे काही होतं का, विचारलं. 'व्हतं की. पिवळं. खडूवानी, मेणचट. पुसून निघंना, मग घासलं.'
 ओरडले. 'कुणी सांगितलं होतं तुम्हाला?' बाबांनी टॉवेल घडी करून ठेवला आणि घरी गेले. नोएल आत रेडिओ ऐकत होता, बहुतेक ऐकू गेलं नाही.

गुरु., २ ऑक्टो.
दसरा. बाबांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. मला माझीच लाज वाटतेय. लॅबमध्ये नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी सांगते, नमुना धुवायचा नाही. घरच्या माणसाला सांगितलं नाही.
सांगलीत आईकडे पूजेचा व्हिडिओ होता, बाबांनी पाठवलेला; तिच्याकडून मागवला. आशेने बघितला. सुरुवातच निरांजनापासून, म्हणजे घासून झाल्यानंतरची.
यूव्ही टॉर्च लावून बघितलं. नुसत्या रॉकेलच्या पुसट रेघा.

शुक्र., ३ ऑक्टो.
बाबांसमोर कागद ठेवला. म्हटलं, आठवतं तसं काढा. डोळे मिटून बसले. मग एक गोल, गोलात उभी रेघ, तिला आडव्या रेघा. 'दोन. न्हाईतर तीन. दोनच.'
म्हणजे F? पण फ्रँकचं नाव त्यांना माहीत आहे. साक्ष कच्ची.
वहीत लिहिलं: स्मरणातून, पाहिलेलं नाही. बाबांनी चष्मा लावून वाचलं. 'मी पाह्यलं की.' खरंच की. खोडलं. लिहिलं: बाबांनी पाहिलं.

रवि., ५ ऑक्टो.
नोएलला कसं सांगायचं, हे तीन दिवस घोकतेय. आज सकाळी बाबा दिसेनात. बूट पॉलिश करून, कोट घालून ते एकटेच नोएलकडे गेले होते. मी पळत पोचले, तेव्हा त्याच्या दारात उभे होते. 'मार्क. यलो. आय क्लीन. गॉन. डॉटर नो मिस्टेक.'
नोएल बाबांच्या कानाकडे बघत राहिला. म्हणाला, राइट. आणि दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. ते जास्त लागलं.

गुरु., ९ ऑक्टो.
शेडला कुलूप. फोन उचलत नाही. बाबा जेवतात आणि खिडकीत बसतात.
काम मात्र थांबवायचं नाही, असं ठरवलं. पिशव्यांची यादी टाइप केली, ३१२ पर्यंत. फोटोंना नावं दिली.
संध्याकाळी बाबा आपणहून बोलले. 'तपासनीस एकाच जागी खूण करतो व्हय? टर्बाइनचं झाकण बसवायच्या आधी आमचा साहेब आतनं पण सही करायचा. झाकलं की कुणाला दिसणार न्हाई, म्हणून तर करायचा.'
झाकण. ह्या गाडीत झाकलेलं काय राहिलंय? डॅशबोर्ड. तो अजून निघालेला नाही.

शनि., ११ ऑक्टो.
उत्तर येईना म्हणून नोएलला चिठ्ठी लिहिली. मग आठवलं, त्याला आता वाचण्याइतकं दिसत नाही. सरळ जाऊन दार वाजवलं आणि दारातच सगळं सांगितलं: झाकणाचं, डॅशचं. आणि हेही, की चूक माझी होती, नियम मला माहीत होता, बाबांना नव्हता.
म्हणाला, मला राग गाडीचा नाही. ते पिवळं बघितलेला शेवटचा माणूस तुझा बाप आहे, मी नाही. मला त्याचा हेवा वाटतोय.
 मग त्याने मला आत घेतलं, कपाटातून बिस्किटांचा डबा काढला आणि विचारलं, लिमरिकला कधी निघायचं?

मंगळ., १४ ऑक्टो.
गाडी ट्रेलरवर चढली. डॅश शनिवारी उतरवणार, मी असल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही, असं वर्कशॉपवाल्याकडून कबूल करून घेतलं. रजा टाकली.
बाबांचं विमान गुरुवारचं. तिकीट पुढे ढकलायला लावलं. दिवाळी चुकणार म्हणून आईने फोनवर फैलावर घेतलं. बाबा म्हणाले, 'अर्धं काम टाकून यीऊ व्हय?' 

शनि., १८ ऑक्टो. लिमरिक.
नऊला पोचलो. नोएल पुढे बसला, बाबा मागे. 
स्क्रू अकरा. प्रत्येकाला पिशवी. वर्कशॉपवाला घाईत होता, त्याला थांबवलं. बाबा शेवटपर्यंत हात मागे बांधून उभे. सांगितलं नव्हतं.
डॅश बाहेर आला. उलटा केला. धूळ, वायरचं बूच. आणि डाव्या टोकाला पिवळं.
वर्कशॉपवाला फुंकर मारायला वाकला. बाबांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. 'डोंट टच!'
फोटो. पट्टी ठेवून पुन्हा फोटो. उजेड तिरका करून आणखी चार.
नोएल विचारत होता, काय दिसतंय, काय दिसतंय. मला F म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं. म्हटलं, अर्धा गोल. आत उभी रेघ. वरच्या टोकाला आडवी एक. खाली गंज, तिथलं गेलंय.
'इज इट हिम?'
सांगता येत नाही, म्हटलं. तो मान तिरकी करून, कडेच्या नजरेने बघायला लागला. एका बाजूने, मग दुसऱ्या. मेणचट आहे ना, म्हणाला. म्हणजे हाताला लागेल.
बोटाने मेण झिजतं. मी बाबांकडे बघितलं. 'फोटो झाले न्हवं तुझे?' बाबा म्हणाले. 'मग लावू दे की.'
नोएलचं बोट धरून रेघेवर ठेवलं. त्याने ते सावकाश खाली नेलं, गंजापर्यंत, आणि तिथेच ठेवलं. बाबांनी हात सोडले, त्याच्या खांद्यावर एक ठेवला.
घरी येऊन वही भरली. नंबर ३२४. डॅशची आतली बाजू, डावं टोक. पिवळा तेलखडू, हाताने. कोणी पाहिलं: मी, बाबा, नोएल (बोटाने). अक्षर: ही जागा कोरी सोडली.