दारातला लव्हाळा

मु. पो. उंब्रज, ता. कराड

तीर्थरूप नानासो दाजी यांच्या पायांवर लालासाहेबाचा नमस्कार (पाय सांगलीत आणि मी इथं, तरी अंदाजानं डोकं टेकवलं आहे).

तुमचा गुडघा कसा आहे? आक्काचा खोकला गेला का? हळदीचा बाजार बरा चालला असेल अशी आशा आहे. इकडं सर्व खुशाल, फक्त आमची कारभारीण मंगल सोडून. तिचं काय झालं ते पुढं येईलच. तुम्ही म्हणाल, खिशात फोन असताना हा गडी पत्र कशाला लिहितो? तर पलटणीत आयुष्य गेल्यामुळं मला हळू बोलता येत नाही. मी माडीवर दार लावून फोन केला तरी खाली स्वयंपाकघरात मंगलला सगळं कळतं, आणि ती जे ऐकते त्याला तिथूनच उत्तर देते, त्यामुळं समोरच्याला कोणाशी बोलतोय तेच समजत नाही. ही बाब नाजूक आहे, म्हणून कागद घेतला.

तुम्ही आमच्या संयोगितासाठी जतकडच्या आप्पासोंच्या यशराजचं स्थळ सुचवलंत, त्याबद्दल आभार मानावेत की भांडावं, हे पत्र संपेपर्यंत ठरेल. मुलगा शिकलेला आहे, गवतावर डॉक्टरकी करतोय एवढंच तुम्ही सांगितलंत. मला वाटलं जनावरांचा डॉक्टर असेल आणि चाऱ्याचं बघत असेल. दाजी, तो लव्हाळ्याचा अभ्यास करतो. आपण ज्याला शिव्या घालत खुरपतो, त्याच लव्हाळ्याचा. आणि आमची लेक उंब्रजच्या चौकात तणनाशकं विकायचं दुकान चालवते, हे त्यांना तुम्ही सांगितलं नाहीत. एवढा मोठा व्यापार करता, पण माल दाखवायची तुमची पद्धत काही बरी नाही.

पाहुणे येणार म्हणून मी ऊस आरशासारखा करून घेतला. बायका लावून बांधापर्यंत खुरपलं, वरून संयोगितानं तिच्या दुकानातलं औषध मारलं, आणि राहिलेली एकेक गाठ मी स्वतः बसून उकरली. (लव्हाळा वरनं मारून मरत नाही. जमिनीत त्याच्या काळ्या गाठी असतात, एक राहिली की पुन्हा पलटण उभी राहते. शत्रू म्हणून त्याच्याबद्दल मला आदर आहे, पण तेवढाच.) सांगायची गोष्ट, सोयरिकीला आलेल्या माणसानं रान बघावं आणि घर कसं आहे ते ओळखावं, असा माझा हिशोब होता.

पाहुणे उतरले. मुलगा देखणा, नम्र, वाकून पाया पडला. पाणी घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काका, तुमच्या रानात लव्हाळा कुठल्या बाजूला हाय?"

मला वाटलं परीक्षा घेतोय. मी छाती काढून म्हणालो, "एक काडी दाखवा, मिशी उतरवतो."

दाजी, त्या पोराचं तोंड असं उतरलं, जसं मी म्हणालो असतो की मुलगीच घरात नाही. आप्पासो हळूच माझ्या कानाशी आले. "लालासाहेब, पोरगं रात्रभर ह्याच आशेवर होतं. नदीकाठचा तालुका, लय प्रकार मिळतील म्हणत होतं. आमच्याकडं पाणीच न्हाई, तिथं हे बिचारं काय बघणार?" मग पोरगं सांगायला लागलं. लव्हाळा म्हणजे एक झाड नव्हे, मोठं कूळ आहे म्हणे. आपला रानातला त्यातला एक. त्याचे भाऊबंद कोण भाताच्या खाचरात, कोण नदीच्या गाळात, कोण कासच्या पठारावर कातळात साठलेल्या पाण्यात, कोण कोकणात खाऱ्या पाण्याच्या कडेला. एक तर मिसर देशात माणसापेक्षा उंच होतो आणि जुन्या काळी त्याचा कागद करत. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा म्हणजे ह्याच लव्हाळ्याच्या गाठी. (म्हणजे वर्षभर ज्याला मी मारतो, त्यालाच पहाटे अंगाला चोळून घेतो. कोणी मला हे आधी सांगितलं असतं तर मी साबणानंच आंघोळ केली असती.) गवताची काडी गोल असते आणि ह्याची त्रिकोणी, बोटात फिरवली की तीन कंगोरे लागतात, हेही त्यानं सांगितलं. फिरवायला काडी मात्र नव्हती. सगळे रिकामी बोटं चोळत बसले.

मग माझ्यातला यजमान जागा झाला. पाहुण्याला घोटभर चहा द्यावा तसा चिमूटभर लव्हाळा आपल्याला देता येऊ नये? पोरांना बोलत बसवून मी आप्पासोंना घेऊन निघालो. पण दाजी, दुसऱ्याच्या बांधावर जाऊन "तुझ्या रानात लव्हाळा हाय का?" असं परक्या पाहुण्यासमोर विचारणं म्हणजे काय, हे मला तिथं गेल्यावर कळलं. पहिल्यांदा अर्जुना भेटला. त्याच्या रानात ऊस कमी आणि लव्हाळा जास्त, हे सगळ्या शिवाराला ठाऊक. तो म्हणाला, "माझ्या रानात? लव्हाळा? काढ बरं हुडकून." आणि मी वाकलो तर तो आडवा आला. पुढं बाळासो. त्याच्या बांधावरनंच तर माझ्याकडं लव्हाळा येतो, ह्यावरून आमचं बोलणं बंद आहे. भैरोबाच्या देवळात त्यानं शपथ घेतली आहे की त्याच्या रानात लव्हाळा नाही. आता मी हात जोडून म्हणालो, "बाळासो, आज असला तर मला पाहिजे. मूठभर."

त्यानं आप्पासोंना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, "पाहुण्याला साक्षीला घेऊन आलास व्हय? देवाच्या दारात मला खोटं पाडायला?"

त्याच्या पायाखाली लव्हाळाच होता, दाजी. तो त्यावर उभा राहून नाही म्हणत होता. आप्पासो भोळा माणूस, खाली वाकून म्हणाले, "आवं, हे काय हाय की." बाळासोनं पाय हलवला नाही, आप्पासोंनी काडी सोडली नाही, आणि काडी तुटल्यावर आप्पासो मागच्या पाटात बसले. सोयरिकीचं नवं धोतर, पाणी कमरेएवढं. काडी वाहून गेली. बाळासोनंच त्यांना हात देऊन वर काढलं, डोक्याला बांधायचा स्वतःचा टॉवेल दिला, पण लव्हाळा आहे असं शेवटपर्यंत कबूल केलं नाही. माणूस शब्दाचा पक्का आहे.

आम्ही ओले परत आलो (मी त्यांना धरायला उतरलो होतो), तर दारात वेगळंच चाललेलं. यशराज तुळशीशेजारी गुडघे टेकून, डोळे मिटून बसलेला आणि मंगल पदर डोक्यावर घेऊन उभी. मला बघून म्हणाली, "बघा, आजकालच्या पोरांत असा भक्तिभाव ऱ्हायला न्हाई." पण पोराचे हात जोडलेले नव्हते, दाजी. तुळशीशेजारची कुंडी आहे ना, मंगलनं मलकापूरच्या नर्सरीतनं आणलेलं ते छत्रीसारखं झाड, ज्याला ती रोज भांडी विसळायच्या आधी पाणी घालते, त्याची दांडी तो बोटात फिरवत होता.

डोळे उघडून तो आनंदानं म्हणाला, "काकू, तुमी तर दारातच लव्हाळा लावलाय."

मी आयुष्यभर रानात ज्याच्याशी लढलो, त्याचा सख्खा भाऊ माझ्याच दारात, माझ्याच आडाच्या पाण्यावर वाढत होता, आणि तो विकत आणलेला होता. मला काय वाटलं ते मी लिहीत नाही. मंगलला मात्र वाटलं की पोरानं तिच्या झाडाला तण म्हटलं, म्हणजे तिच्या हाताला नावं ठेवली. पोरगं समजावत होतं की हा परदेशातनं आलेला, शोभेचा, मानाचा लव्हाळा आहे. जितकं समजावलं तितकं ते बिघडलं. ती कुंडी उचलून आत गेली आणि पाहुण्यांसाठी केलेले पोहे तिनं देवघराच्या फळीवर ठेवून दिले.

आता पोरांचं ऐका. मी कपडे बदलून आलो, तेव्हा दोघं पायरीवर बसलेली. यशराज विचारत होता, "तुमच्या औषधानं तो खरंच मरतो का?"

संयोगिता म्हणाली, "वरनं जळतो. खालनं येतो. पुरता मेला तर माझं दुकान बंद पडंल."

"आणि माझा अभ्यास," तो म्हणाला.

"मग त्याला जगू द्या की. तुमी जपा, मी मारते. दोघांचं चालंल."

दोघंही हसली. मी परत आत गेलो, कारण त्या हसण्यात माझं काही काम नव्हतं. आप्पासो माझी पलटणीतली पँट घालून गाडीत बसले आणि पाहुणे गेले.

तेव्हापासून मंगल म्हणते, माझ्या झाडाला तण म्हणणाऱ्या घरात लेक द्यायची नाही. मी घरचा कर्ता म्हणून तुम्हाला कळवतो की योग जुळत नाही. आप्पासोंना तुमच्या गोड भाषेत नकार सांगावा आणि पँट मागून घ्यावी.

आपला,
लालासाहेब

ता. क. नकार सांगू नका. संयोगितानं विचारलं, "दादा, पत्रात काय लिहिलंय?" मी म्हणालो, खुशाली. ती म्हणाली, "खुशालीच असू द्या." तिचा आवाज माझ्यासारखा मोठा नाही, पण त्यातलं मला कळलं. पोरगा मलाही आवडला आहे. लव्हाळ्यावर इतकी माया करणारा माणसावर किती करेल?

ता. क. २. पत्र लिहायचं खरं कारण असं की आक्काला आठवडाभर इकडं पाठवा. मंगल दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही. तुमचा गुडघा दुखतो आहे, तेव्हा तुम्ही नाही आलात तरी चालेल.

ता. क. ३. आक्काला पाठवू नका. कुंडीतल्या पानांची टोकं करपायला लागली म्हणून मंगलनं आज सकाळी स्वतःच यशराजला फोन लावला. त्यानं सांगितलं, हे पाणथळातलं झाड आहे, कुंडी पाण्यानं भरलेल्या परातीत ठेवा. मग ती बराच वेळ त्याच्याशी बोलत होती. आता त्याला जावईबापू म्हणते आणि मला परात रिकामी करून मागते. म्हणजे ह्या पत्राची तशी काही गरज उरली नाही, पण तिकीट चिकटवून झालं आहे.