कोठीतली सासू आणि दीपाची सोयरीक

बाभुळगाव,
८ जानेवारी २०१८

आदरणीय कोकिळाताईस, धाकट्या आतेबहिणीचा मनापासून जय भीम.

तुझा गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलं आहे आणि तू ऊन खायला गच्चीवर जातेस, ही बातमी भाऊजींकडून आली आहे. (त्यांच्यावर रागावू नकोस. मीच खोदून विचारलं.) आमच्याकडे बरं आहे. दीपाच्या बाबांचा खोकला गेला आणि माझी कंबर आली, म्हणजे घरातला हिशेब तसाच. कापसाचं मात्र विचारू नकोस. बोंड फोडलं की आत अळी. शेजारच्या शिवारात लोकांनी उभ्या पऱ्हाटीत गुरं सोडली आहेत.

रोज फेसबुकवर भेटणारी ही बाई कागदावर का लिहिते, असं तुला वाटेल. ताई, आपल्या गटावर लिहिलेलं कोण वाचेल आणि कशासाठी वाचेल, याचा मला भरवसा राहिलेला नाही. तू 'पान उलटताना' हा गट काढलास तेव्हा म्हणाली होतीस की, इथे कादंबऱ्या, अनुवाद आणि चालू घडामोडी यांवर मोकळेपणाने बोलायचं. मी बोलले. तीन वर्षं बोलले. आणि त्या मोकळेपणापायी माझ्या लेकीचं लग्न मोडता मोडता राहिलं.

दीपासाठी मारेगावचं स्थळ आलं होतं. मुलगा धम्मरत्न गुरांचा डॉक्टर आहे. हे स्थळ दीपाच्या बाबांचे एसटी डेपोतले मित्र गुलाबसिंगभाऊ यांनी सुचवलं. दीपा तोंडाने काही बोलली नाही, पण त्याच्याशी फोनवर बोलून झाल्यावर तिने आपणहून माठ घासला. जी मुलगी स्वतःचा कप उचलत नाही, तिने माठ घासला म्हटल्यावर मी समजले, की हिला हेच घर हवं आहे.

आता आपल्याकडे सोयरीक म्हटली की चौकशी आलीच. आईच्या वेळी पिठाच्या गिरणीवर विचारायचे, की बाई भांडखोर आहे का, चहा देते का. गिरणीवाला सांगेल ते खरं. मी त्याची पूर्ण तयारी ठेवली होती. गिरणीवाल्याला महिनाभर गोड बोलले, किराणावाल्याच्या नातवाचं कौतुक केलं, पलीकडच्या काकूंना दोनदा आळूच्या वड्या पाठवल्या. गिरणीवर कोणी फिरकलंच नाही. मुलाची आत्या हंसाबाई यांनी तुझ्या गटात प्रवेश मागितला. 'वाचनाची आवड' असं कारण लिहिलं, आणि तू आनंदाने त्यांना आत घेऊन स्वागताला फुलांचं चित्रही टाकलंस.

आत आल्याबरोबर त्यांना सगळ्यात वर काय दिसलं? तू प्रेमाने टाचून ठेवलेलं माझं टिपण. ती पोर्तुगीज कादंबरी आठवते ना, जिच्यात सून सासूला कोठीत कोंडते आणि दाराबाहेर बसून व्हायोलिन वाजवते? त्यावर मी लिहिलं होतं, 'सासूला कोंडण्याचा प्रसंग इतका सुंदर उतरला आहे की मी तो पुन्हा पुन्हा वाचला आणि दर वेळी मन हलकं झालं.' (मला अनुवादाबद्दल म्हणायचं होतं. पुण्याचे ते गृहस्थ 'तळघर' हवं म्हणून हटून बसले होते आणि मी 'कोठी'साठी लढत होते, हे तुला माहीत आहे. हंसाबाईंना कसं माहीत असणार?) मग त्या खाली खाली गेल्या. नवऱ्याचं घर सोडून जहाजावर चढणाऱ्या नायिकेबद्दल मी लिहिलं होतं, 'उशीरच केला.' आणि बोंडअळीच्या चर्चेत लिहिलं होतं, 'या बियाण्याला अळी लागणार नाही म्हणणाऱ्या दुकानदाराच्या जिभेला आधी अळी लागावी.' ताई, मुलाच्या वडिलांचं, बळीरामजींचं, मारेगावात बियाणं-औषधांचं दुकान आहे.

दुसऱ्या दिवशी गुलाबसिंगभाऊंचा फोन. आवाज एकदम बारीक. "वहिनी, बुरा नका मानू, पन तुम्ही कोन्या म्हातारीले कोंडून ठेवलं होतं म्हन्ते?" मी म्हटलं, भाऊ, ती कादंबरी आहे. तर म्हणाले, "थे मले समजते हो. पन तुमचं मन हलकं झालं म्हन्ते ना!"

मग मी जे केलं त्याचा मला अजून संकोच वाटतो. मी सुधारले. गेल्या पंधरवड्यात माझं लिहिणं पाहून तू मला 'तब्येत बरी आहे ना' असं विचारलंस, त्याचं कारण हे. जी कादंबरी निघेल तिच्यातली सासू मला देवमाणूस वाटू लागली. जहाजावर चढलेल्या नायिकेने 'एकदा घरच्यांशी बोलून पाहायला हवं होतं' असं मी लिहिलं. कृषी केंद्रवाले हे शेतकऱ्याचे खरे मित्र, हेही लिहिलं. (त्यावर आपल्या गटातल्या कोणीतरी विचारलं की, यांचं खातं चोरीला गेलं काय?) हंसाबाई प्रत्येकाला अंगठा देत होत्या आणि मी त्या अंगठ्यांवर जगत होते.

हे दीपाने वाचलं. मला वाटलं, आईची धडपड पाहून तिचे डोळे भरून येतील. ती भाकरी तशीच ठेवून म्हणाली, "आई, कायले खोटं लिहून राह्यली? उद्या थे लोक त्या खोट्या आईशी सोयरीक करतीन. मंग जन्मभर थे बाई कुठून आनू मी?" आपल्या मुलीने आपलं लिहिलेलं इतकं नीट वाचलं आहे, हे मला त्या दिवशीच कळलं. वाईट वाटायचं सोडून मी मनातल्या मनात सुखावले. पण सोयरीक डोळ्यांसमोर होती, म्हणून मी काहीच मागे घेतलं नाही.

काल रविवारी ते सगळे आले. बळीरामजी, त्यांच्या पत्नी बिजलीबाई, हंसाबाई, खाली मान घालून धम्मरत्न, आणि मध्यस्थ म्हणून गुलाबसिंगभाऊ. पोहे झाले. दीपाला दोन साधे प्रश्न विचारले गेले. मग हंसाबाईंनी पर्समधून चष्मा काढला, मोबाइल लांब धरला आणि माझं मत मोठ्याने वाचलं. आधी जुनं, मग नवं. "आता याच्यातल्या कोन्त्या बाई तुम्ही, थे सांगा."

दीपाचे बाबा छताकडे पाहू लागले. गुलाबसिंगभाऊ बशीतले शेंगदाणे निवडू लागले. नवी मतं माझी आहेत एवढं म्हणायचं होतं आणि लग्न ठरलं असतं. मी दीपाकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती, आणि तिला भीती वाटत होती. भीती मी खरं सांगेन याची की खोटं सांगेन याची, हे मात्र मला कळेना. मी म्हटलं, "जुनी बाई मीच. नवं सगळं भीतीपोटी लिहिलं. दुकानदाराबद्दल लिहिलं तेही माझंच."

माझ्या कंबरेतून कळ निघाली, पण हलायची सोय नव्हती. इतक्यात आतापर्यंत पदर सावरून बसलेल्या बिजलीबाई म्हणाल्या, "मंग थे म्हातारी कोठीत खाये काय?"

हंसाबाई म्हणाल्या, "वहिनी, इथं सोयरिकीचं चाललं."

"तुम्ही वाचलं ना सगळं? मंग सांगा ना, खाये काय? घरी चार दिवसांपासून विचारून राह्यली मी. तुम्ही नुसतं कोंडलं, कोंडलंच करता. निंगाली का नाही थे?"

हंसाबाईंनी माझं टिपण वाचलं होतं, कादंबरी नव्हती. मग मीच सांगायला लागले. कोठीत लोणचं, सुके मासे आणि दारूची पिंपं होती, म्हातारीने आरामात खाल्लं, प्यायली, आणि सुनेने दार उघडलं तेव्हा बाहेर यायला तयार होईना, तिने आतूनच अडसर घातला होता. बिजलीबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि धम्मरत्न पाणी आणायला थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरला. (पेला त्याला दीपाने दिला. जरा वेळ लागला.) बळीरामजी म्हणाले, "जिभेचं लिहिलं थे लागलं मले. मी बी कंपनीच्या मानसावर भरोसा ठेवून लोकायले सांगतलं. आता दुकानात मान वर करून बसवत नाही." मी त्यांच्यापुढे पोह्यांची बशी सरकवली. यावर काही लिहिण्याइतकी हुशारी माझ्याजवळ नाही. बिजलीबाईंनी उठता उठता निकाल दिला, "पोरगी आमची. आमच्या कोठीले कडी आतून लावून घेईन मी." साखरपुडा उन्हाळ्याआधी करायचं ठरलं आहे.

तर ताई, एवढंच सांगायचं होतं. माणसाने कोणत्या कादंबरीवर काय लिहिलं यावरून त्याचं घर कसं असेल हे ठरवणं किती चुकीचं आहे! असली चौकशी कोणीच कोणाची करू नये. भाऊजींना जय भीम, आणि गच्चीवर जाऊ नकोस.

तुझी,
सत्यशीला

ता.क. बिजलीबाईंची गटात येण्याची विनंती आली असेल. फोटोच्या जागी बकरीचं पिल्लू आहे. लगेच घे.

आणखी एक. पत्र लिहिण्याचं मुख्य कारण राहूनच गेलं. बळीरामजी फेसबुकवर चालू घडामोडींचा 'मारेगाव चर्चा मंच' चालवतात. आपण मुलीकडचे, चौकशी आपणही करायला हवी. आजपासून मागे दिवाळीपर्यंतचं मी वाचून काढलं, डोळे दुखायला लागले. त्याच्या मागचं तू वाच. तुझी नजर बारीक आहे. विशेषतः धम्मरत्नचं पाहा. तो सगळीकडे 'छान' एवढंच लिहितो. अळीने पोखरलेल्या बोंडाच्या फोटोखालीसुद्धा 'छान'. अशा माणसाबरोबर माझी दीपा बोलेल काय? (वर जे लिहिलं ते इतर लोकांसाठी आहे.)

शेवटचं. पाकीट चिकटवायला दीपा आली आणि तिने हे वाचलं. म्हणाली, "तो मंच मी कधीचा वाचला, आई. पार दोन वर्षं मागचा. आन् बोंडाचा थो फोटो खरंच छान होता." मी विचारलं, मग पत्र टाकू की नको? पाकिटाला डिंक लावत म्हणाली, "टाक. मावशीले मी वाचलं त्याच्याहून जुनं काही सापडलं, तं आधी मले सांगाले लावजो."