पाकळीचे पाय

४ नोव्हेंबर

पाकळी दिसली. धायरी फाट्यावर, वरातीत. आधी घुंगरं ऐकू आली, मग घोडी. भाजीची पिशवी हातात तशीच धरून उभी राहिले.

नवरदेव फोनवर बोलत होता. बँड थांबला, हलगी सुरू झाली, आणि ती पाय उचलायला लागली – गुडघा पार छातीशी. पोरं शिट्ट्या मारत होती. जवळ गेले तर तोंडाला फेस, आणि फेसात तांबडं. लगामाची तोंडातली सळई नीट बघितली. काटे आहेत तिला. जिभेवर बसतील असे.

ह्यांनी कधी काटे लावले नाहीत. बावीस वर्षं घोड्या नाचायला शिकवल्या, एकदाही नाही. चाबूकसुद्धा नाही.

तिनं मला ओळखलं असं वाटलं. हे असते तर म्हणाले असते, "तुला नाही ओळखलं, तुझ्या पिशवीतल्या कोथिंबिरीला ओळखलं."

५ नोव्हेंबर

विक्रमला फोन केला. हे गेल्यावर पाकळी मी त्यालाच विकली. वाघोलीला त्याचा बँड आहे, घोड्या आहेत. माणूस वाईट नाही असं तेव्हा वाटलं होतं.

"मावशी, तिचं तोंड जड झालंय. नुसत्या लगामाला थांबत नाही. उद्या नवरदेव पडला तर दवाखान्यात तुम्ही येणार का?"

मी म्हटलं, काटे काढ.

"घोडी विकलीत ना मावशी? मग आता माझं मला बघू द्या की."

७ नोव्हेंबर

खालच्या खोलीत राहणारी नम्रता वकिलीचं शिकते. तिला सांगितलं. तिनं फोनमध्ये काय काय शोधलं आणि संध्याकाळी सदाशिव पेठेतून क्लासवरून येताना कागद छापून आणले. वरातीच्या आणि खेळाच्या घोड्यांसाठी सरकार नवे नियम करतंय. हा कच्चा मसुदा. महिनाअखेरीपर्यंत कोणीही हरकत नाहीतर सूचना पाठवू शकतं.

"काटेरी लगाम तर आधीपासूनच बंद आहे काकू. जुन्या नियमात आहे."

"मग?"

"एन्फोर्समेंट नाही ना."

मराठीत सांग म्हटलं. म्हणाली, "नियम आहे. बघायला कोणी जात नाही."

हे मराठीत पण तितकंच वाईट वाटतं.

मी वाचायला शिकले लग्नपत्रिकांवरून. हे वरातीचा पत्ता कळावा म्हणून पत्रिका घरी आणायचे. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' हे माझं पहिलं वाक्य. तिशी उलटली होती तेव्हा. नंतर हाताला लागेल ते वाचलं – पेपर, पोथ्या, वाचनालयातल्या कादंबऱ्या. पण सरकारी कागदासारखं काही वाचलं नाही. अकरा पानं. दोनदा वाचली. तोंड आहे, पाठ आहे, पाणी आहे, सावली आहे, चाबूक आहे, किती तास उभं ठेवायचं तेही आहे.

पायांबद्दल एक ओळ नाही.

चष्मा काढून ठेवला आणि भात लावला.

१० नोव्हेंबर

आजचा दिवस असा.

पोलीस चौकी. "घोडी तुमची आहे का?" नाही. "मग तुमचं काय नुकसान झालं?"

महापालिका. "आमच्याकडे भटकी कुत्री. घोडं भटकं आहे का?"

तिथून जनावरांच्या कचेरीत. दोन रिक्षा, तीन जिने. साहेब जेवायला गेलेले. पावणेचारला जेवून आले. काट्यांबद्दलचा माझा अर्ज वाचला, परत वाचला. "आजी, मुद्दा असा आहे, की घोडी नाचते म्हणजे ती खेळ करते, की ओझं वाहते? खेळ करत असेल तर तो विषय आमच्याकडे येत नाही."

मी म्हटलं, "पाठीवर नवरदेव असतो. तो ओझं आहे की नाही ते वर्षभरानं नवरीला विचारा."

शेजारच्या टेबलावरची बाई हसली. साहेब पण हसले. अर्ज घेतला. शिक्का मारणारा मात्र रजेवर. उद्या या म्हणाले.

११ नोव्हेंबर

शिक्का मिळाला. पाय सुजलेत. माझे.

१४ नोव्हेंबर

मेहबूबभाई येऊन गेले. ह्यांच्या सगळ्या घोड्यांना नाल त्यांनीच ठोकले, आता विक्रमच्या घोड्यांना ठोकतात. अर्जाची बातमी त्यांच्यापर्यंत गेलेली.

"वहिनी, काट्यांचं लिहिलंत ते बरं केलंत. पायांचं?"

मी चहा ठेवायला उठले. आतूनच विचारलं, पायांचं काय?

"पुढचा डावा पाय टेकवताना ती अंग चोरते आता." मग म्हणाले, "मी पाय मांडीवर घेऊन बसतो वहिनी. खुराच्या वर कुठं केस येत नाहीत ते मला दिसतं."

चहात साखर घालायची राहिली. त्यांनी तसाच प्यायला. जाताना चपला घालत म्हणाले, "त्या पायांविषयी मी कुठं बोललो नाही. बोलणारही नाही. ते तुमचं आहे."

१५ नोव्हेंबर

आज ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. दुकानातून गूळ आणला, सवयीनं. आणल्यावर आठवलं, खाणारी वाघोलीला आहे आणि चारणारा नाही.

१९ नोव्हेंबर

तपासणी झाली. झाली नसती तर बरं झालं असतं.

वाघोलीला साडेदहाला पोचले. साहेब साडेबाराला आले, सोबत जनावरांची डॉक्टर, तरुण मुलगी. विक्रमनं पाकळीला आंघोळ घातलेली, नवा लगाम, सळई एकदम गुळगुळीत. तपासणीला येणार म्हणून मालकाला आधी कळवलेलं असतं म्हणे. नियमच आहे तसा!

डॉक्टरनं तोंड उघडून बघितलं. जिभेवर जुन्या खुणा आहेत म्हणाली. विक्रम म्हणाला, कडबा टोचला असेल. साहेब म्हणाले, शक्य आहे. कडबा टोचला असं लिहिलं.

मग विक्रम म्हणाला, "साहेब, एकदा नाच बघून जा." पुढच्या पायांत घुंगरं बांधली. हलगी वाजली. लगाम सैल सोडला होता. हात लावला नाही कोणी. आणि ती उचलायला लागली. एक पाय, दुसरा पाय. डाव्याला जरा थांबत.

साहेबांनी मोबाईलवर व्हिडिओ काढला. पंचनाम्यात लिहिलं – 'जनावर आपल्या मर्जीने नाचते. तक्रारीत तथ्य आढळले नाही.' मला सही करायला सांगितली. वाचून केली.

सगळ्यांनी तोंड बघितलं. कारण माझ्या अर्जात तोंड लिहिलं होतं. ती डॉक्टर मुलगी खाली वाकली असती तर घुंगरांच्या खाली तिला दिसलं असतं. मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. वाक, एवढंच म्हणायचं होतं.

म्हटलं नाही.

२० नोव्हेंबर

मर्जीने!

२२ नोव्हेंबर

विक्रम आला. पेढे घेऊन. मला वाटलं जखमेवर मीठ चोळायला आला. पण तो पाया पडला.

"मावशी, राग सोडा. नवी शिंगरी घेतलीय, अडीच वर्षांची. काकांनी तयार केलेली घोडी जशी पाय उचलते तशी पुण्यात कोणाची उचलत नाही. ते काय करायचे?"

मी म्हटलं, मला काय माहीत?

"आता काटे बंद होणार. चाबूक बंद. साहेबच म्हणाले, यंदा नियम पक्का होणार. काकांचं तर बिनकाट्याचं, बिनचाबकाचं होतं. तेच शिकवा ना. कायद्यात बसतं."

कायद्यात बसतं. हे तो अगदी सरळ मनानं म्हणाला.

"तुम्हाला माहीत नाही असं कसं होईल मावशी? तुम्ही तर सोबत असायच्या."

काम आहे म्हणून उठले. पेढे ठेवून गेला. शिंगरीचं नाव अजून ठेवलं नाही म्हणाला, तुम्हीच सुचवा.

२३ नोव्हेंबर

लिहूनच टाकते. निदान इथं तरी.

बिब्बा. गोडंबीच्या वरचं ते काळं फळ. दाभणाला टोचून दिव्यावर धरलं की तेल सुटतं. लहानपणी टाचेच्या भेगेत एक थेंब घालायचे. जास्त झाला की उततो – कातडी फुगते, फुटते, पाणी वाहतं, आणि आग अशी की माणूस उभं राहू शकत नाही. बिब्बा उतणं म्हणजे काय ते ज्याला उतला त्यालाच कळतं. माझ्या डाव्या मनगटावर अजून डाग आहे.

घोडीच्या पुढच्या पायांना, खुराच्या वर चार बोटं, तिथं लावायचा. दोन दिवसांनी कातडी उतली की त्यावरच घुंगरं बांधायची. पाय टेकवला की घुंगरू उघड्या मांसावर आपटतं. म्हणून ती पाय टेकवत नाही, वर धरते. तेवढ्यात हलगी. सहा आठवडे असं. मग जखम भरते, केस येत नाहीत, पण पुढं जन्मभर नुसती घुंगरं बांधली तरी पुरतात. काही लावावं लागत नाही. लोकांना वाटतं नाचते.

ह्यांना हे त्यांच्या वडिलांनी शिकवलं. ह्यांचा हात थरथरायचा, तेल भलतीकडे पडायचं. म्हणून दिव्यावर मी धरायचे. लावायचेही मीच. हे घोडीची मान धरून तिच्याशी बोलत राहायचे – "झालं बाई, झालं, एवढंच." नंतर तूप लावायचे, गूळ चारायचे, ती बसेपर्यंत गोठ्यातून हलायचे नाहीत. एकदा जेवले नाहीत दिवसभर. पण दुसऱ्या दिवशी घुंगरं बांधलीच.

सहा घोड्या. पाकळी शेवटची.

आणि आम्हाला वाटायचं, आपण मारत नाही! खरंच वाटायचं. बाकीचे चाबूक ओढायचे, आम्ही गोठ्यात गूळ ठेवायचो. पेपरात एकदा ह्यांचा फोटो आला होता, घोडीच्या कपाळाला कपाळ लावलेला. खाली लिहिलेलं – 'चाबकाविना घोडी नाचवणारा माणूस'. ती बातमी मी स्वतः वाचून दाखवली होती ह्यांना, अक्षर अक्षर लावत. ते लाजले होते. चौकट करून भिंतीवर लावली आहे. येणारा प्रत्येक जण वाचतो. ह्यांचं म्हणून जगात राहिलं आहे ते एवढंच.

अर्जात मी काटेच लिहिले. काटे विक्रमचे होते.

२५ नोव्हेंबर

नम्रताला विचारलं, घोडीच्या पायांना कुणी काही लावत असेल, तर नाव न घालता तशी हरकत पाठवता येते का?

"पाठवता येते, पण निनावी असली की बाजूला टाकतात. आणि काकू, असं कुणी करतं हे तुम्हाला कसं माहीत, तेपण लिहावं लागेल. कोणी केलं, किती जनावरांवर, कधी. नाहीतर ते म्हणणार ऐकीव गोष्ट आहे."

"ज्यानं केलं तो नसेल तर?"

तिनं भिंतीकडे बघितलं. हुशार पोरगी आहे. म्हणाली, "मग तर शिक्षेचा प्रश्नच नाही ना काकू. नुसतं नाव."

नुसतं नाव. चोवीस वर्षांच्या मुलीला नुसतंच वाटणार.

२६ नोव्हेंबर

मेहबूबभाईंचा फोन. विक्रमनं त्यांनाही विचारलं. त्यांनी कानावर हात ठेवले. "पण वहिनी, तो आता दुसऱ्या कुणाला तरी विचारतोय. कुणीतरी म्हातारा सांगेलच. बिब्बे तर मंडईत मिळतात." फोन ठेवताना म्हणाले, "शिंगरी फार गरीब आहे. नाल ठोकताना माझा खिसा हुंगत होती."

दुपारी ह्यांच्याशी भांडले. एकटीनंच. तुम्ही सुटलात म्हटलं. घोडी विकायची मी, अर्ज करायचा मी, आणि आता तुमचं नावही मीच घालवायचं. आयुष्यभर अवघड काम आलं की दिवा माझ्याच हातात दिलात.

फोटोतही घोडीकडेच बघतायत.

२७ नोव्हेंबर

काही लिहावंसं वाटत नाही. पेढ्यांना बुरशी आली, टाकले.

२८ नोव्हेंबर

दिलं. हरकतीचं पत्र कचेरीत जाऊन हातात दिलं, शिक्का घेतला. वरच्या दोन ओळींत मागितलं आहे ते सरळ – पाय बघा, घुंगरं काढून बघा, न कळवता जा. पाकळीपासून सुरुवात करा. खाली बिब्ब्याचं सगळं.

सकाळी नम्रता टाईप करत होती. "नाव सांगा काकू, ज्यांनी केलं त्यांचं." तोंडातून निघेना. सदतीस वर्षांत उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही. मग तिला तेवढी जागा मोकळी सोडून छापायला लावलं, तिच्याकडून पेन घेतलं आणि तिथं हातानं लिहिलं.

शिकवणारा – कोंडीराम रामभाऊ शेवाळे. मयत.

बिब्बा लावणारी – शालन कोंडीराम शेवाळे. हयात. बोलवाल तेव्हा येईन.