सायकलची घंटी आणि अप्पा

नाशिक, रविवार संध्याकाळ

फाटकाशी ह्यांच्या सायकलची घंटी वाजली की छोटा निखिल "अप्पा!" म्हणत धावायचा. हे गेले, ती हाकही गेली.

आज व्हिडिओ कॉलवर निखिलचा लेक पहिला शब्द बोलला. "अप्पा!"

"आईशप्पथ, मी नाही शिकवलं!" निखिल म्हणाला. कोरियन सूनबाई हसली, "आई, आमच्याकडेही वडिलांना अप्पाच म्हणतात."

शाळेत सिस्टर सांगायच्या, येशू देवबापाला 'अब्बा' म्हणायचा. कुठल्या कुठल्या भाषा, आणि हाक...? नातवाच्या तोंडी आपला एकही शब्द नसेल, ही धास्ती उगाचच बाळगली मी. किती हलकं वाटतंय!

कुणाला काय द्यायचं, तेही आज ठरवलं. ह्यांचं घड्याळ निखिलला. माझ्या पाटल्या सूनबाईला. घंटी मात्र नातवाला. ती वाजली की काय हाक मारायची, हे त्याला सांगावं लागणार नाही.